अठरा रिकाम्या जागा

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत विमान रद्द झाल्याची बातमी प्रवाशांना सांगण्याचं काम ज्या मुलीच्या वाट्याला येतं, ती बहुधा पंचविशीच्या आतली असते. गणवेश नीटनेटका, केस घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र, समोर संगणक आणि हातात एक माइक, ज्याचा आवाज चौथ्या रांगेच्या पुढे जात नाही. पाच मिनिटांत तिच्याभोवती शंभर-सव्वाशे माणसं जमतात आणि त्यातल्या बहुतेकांची खात्री असते की विमान हिनेच अडवून धरलंय. प्रत्यक्षात तिला ही बातमी कळते ती साधारण प्रवाशांच्या मोबाइलवर संदेश येतो त्याच सुमाराला, कधीकधी त्यानंतरसुद्धा. कारण विचारलं की ती ‘ऑपरेशनल रीझन’ म्हणते. त्यात लपवाछपवी असेलच असं नाही. तिच्या पडद्यावरही तेवढेच दोन शब्द असतात. मग खाण्याची कूपनं वाटायची, आत गेलेलं सामान पट्ट्यावर परत मागवायचं, पैसे परत हवेत की दुसरं विमान हे एकेकाला विचारायचं, हा ठरलेला क्रम सुरू होतो. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे तो त्यानंतरचा प्रश्न, ‘दुसरं विमान कधीचं?’ त्याचं उत्तर तिच्या स्वभावावर अवलंबून नसतं, गर्दीतल्या आवाजाच्या पट्टीवर तर नसतंच. ते अवलंबून असतं एका लहानशा आकड्यावर, आणि सुट्टीच्या दिवसांत तो आकडा अठराच्या आसपास असतो.

हे गणित कागदावर मांडण्यासारखं आहे. आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए-३२० विमानात कमी भाड्याच्या कंपन्या १८० किंवा १८६ जागा बसवतात. हिशेबाला १८० धरू. सुट्टीत विमानं नव्वद टक्के भरून जातात, म्हणजे रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी झाले १६२. पुढचं विमानही नव्वद टक्के भरलेलं, म्हणजे त्यात रिकाम्या जागा अठरा. या १६२ जणांना अठरा-अठराच्या गटाने पाठवायचं तर नऊ विमानं लागतात. त्या मार्गावर कंपनीची दिवसाला तीन विमानं असतील तर शेवटचा माणूस तीन दिवसांनी पोहोचेल, आणि तोवर त्याची चार रात्री-पाच दिवसांची सहल जवळजवळ आटोपलेली असेल. लग्नात एक पंगतच उठवून लावली आणि पुढच्या प्रत्येक पंगतीत फक्त दोन-दोन पानं मोकळी असली तर वाढप्याला दोष देऊन कुणाचं पोट भरत नाही. कामासाठी एकट्याने प्रवास करणारा माणूस या अठरांत कुठेतरी बसून जातो. चार-पाच जणांचं कुटुंब, त्यात आजी आणि एक तीन वर्षांचं मूल, त्यांना एकत्र जायचं असतं. ते आपोआप रांगेत मागे पडतं. म्हणून रद्द विमानाचा सर्वात मोठा फटका बसतो तो सहलीला निघालेल्यांना. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, पण दर वेळी होतं असंच.

कोणतं विमान रद्द करायचं हे विमानतळावर ठरतच नाही. ते ठरतं विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये; इंडिगोचं असं केंद्र गुरुग्रामला आहे. तिथल्या पडद्यांवर प्रत्येक विमानाची दिवसभराची एक आडवी पट्टी दिसते आणि त्या पट्टीवर फेऱ्यांचे तुकडे लागोपाठ लावलेले असतात. एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास, कधी त्याहून कमी. तेवढ्यात माणसं उतरतात, सामान निघतं, झाडलोट होते, इंधन भरलं जातं आणि नवी माणसं चढतात. सकाळी दिल्लीला दीड तास उशीर झाला की तोच उशीर दुपारी बंगळूरला, संध्याकाळी पुण्याला आणि रात्री गोव्याला हजर होतो, तेव्हा गोव्याच्या आकाशात चांदणं पडलेलं असतं आणि प्रवासी म्हणतात, हवा तर स्वच्छ आहे, मग विमान का नाही? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला उशिरांची कारणं प्रसिद्ध करतं. त्यात सर्वात मोठा वाटा सहसा हवामानाचा नसतो. तो असतो आधीच्या उशिरातून जन्मलेल्या उशिराचा. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते, नाहीतर विमान आणि वैमानिक रात्री चुकीच्या गावी अडकतात आणि दुसऱ्या दिवसाचंही वेळापत्रक कोसळतं. मग केंद्रात बसलेली माणसं त्यातल्या त्यात कमी नुकसानीचा तुकडा शोधतात. ज्या मार्गावर दिवसाला सात-आठ विमानं आहेत तिथली एक जाण्या-येण्याची जोडी काढून टाकणं त्यांच्या दृष्टीने सोपं असतं. हा निर्णय अनेकदा शहाणपणाचा असतो हेही मान्य करायला हवं. एक फेरी रद्द करून चार वाचतात. पण वाचलेल्या चार फेऱ्यांचे प्रवासी आभार मानायला येत नाहीत, आणि रद्द झालेल्या फेरीचे १६२ जण काउंटरवर येतात, त्या माइकवाल्या मुलीपुढे.

यावर विमान कंपन्यांचं ठरलेलं उत्तर आहे की धुकं, पाऊस, वादळ आमच्या हातात नाही. ते अर्धं खरं आहे, आणि खऱ्या अर्ध्या भागाबद्दल त्यांना दोष देऊ नये. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या संघर्षामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाले. त्यात कुठल्याच कंपनीचा हात नव्हता. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तिथे विमानांची ये-जा मुख्यतः सकाळी चालते, कारण दुपारी वारे वाढतात आणि तापलेली विरळ हवा विमानाला पुरेसा आधार देत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीला केवळ उष्णतेमुळे तिथली काही उड्डाणं रद्द करावी लागली. पण धुक्याचं उदाहरण घ्या. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं पडणार हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्यासाठी तिथे दाट धुक्यात विमान उतरवण्याची कॅट-थ्री यंत्रणा बसवलेली आहे. ती वापरायला तसं विमान लागतं आणि तसं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लागतात. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने एअर इंडिया आणि स्पाइसजेट या कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड केला, तो याच कारणासाठी: धुक्याच्या दिवसांत त्यांनी काही फेऱ्यांवर हे प्रशिक्षण नसलेले वैमानिक नेमले होते. धुकं निसर्गाचं होतं, ड्यूटीचा तक्ता मात्र माणसांनी केला होता. उलट बाजूचा पुरावाही जवळच आहे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी दर वर्षी मे महिन्यात एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशा सहा तास बंद असतात. २०२४ मध्ये तो दिवस ९ मे होता, २०२५ मध्ये ८ मे. ऐन सुट्टीत देशातल्या सर्वात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक सहा तास बंद, आणि तरी त्या दिवशी दंगा झाल्याचं ऐकू येत नाही. तारीख महिनोन् महिने आधी जाहीर झालेली असते आणि वेळापत्रक त्याप्रमाणे सैल केलेलं असतं. थोडक्यात, सैल सोडलेलं वेळापत्रक मोठा धक्का पचवतं. ताणून बसवलेलं वेळापत्रक छोट्या धक्क्यानेही तुटतं. आणि ते किती ताणायचं हा निर्णय कंपनी नफ्याकडे बघून घेते.

डिसेंबर २०२५ मध्ये हे साऱ्या देशाने पाहिलं. वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर न्यायची आणि रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा आठवड्याला सहावरून दोनवर आणायची, हे त्यातले मुख्य बदल. कंपन्यांनी कुरकुर केली, तारखा पुढे गेल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचलं आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. तरीही डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात इंडिगोकडे वैमानिक कमी पडले आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या. देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे ६५ टक्के या एकट्या कंपनीकडे असल्याने बाकीच्यांकडे सामावून घ्यायला जागाच नव्हत्या. तिथलेही अठराच संपले. भाडी इतकी भडकली की सरकारने ६ डिसेंबरला मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये. ७ डिसेंबरपर्यंत ६१० कोटी रुपयांचा परतावा दिल्याचं सांगण्यात आलं. विमानतळांवर सुटकेसांचे ढीग लागले होते आणि ज्यांची विमानं उडालीच नाहीत तेही आपलं सामान शोधत फिरत होते. पुढे सरकारने कंपनीच्या फेऱ्यांत दहा टक्के कपात केली, पण त्याआधीच डीजीसीएने विश्रांतीच्या काही अटींमधून तिला तात्पुरती सूटही दिली होती. तयारी केली नाही कंपनीने, आणि मागे घेतली गेली ती वैमानिकांची झोप. रात्री अडीचला विमान उतरवणाऱ्या माणसाने पुरेशी झोप घेतलेली असावी ही अपेक्षा चैनीची नाही. मागे बसलेल्या प्रत्येकाचा जीव त्यावर असतो. त्यामुळे ‘क्रूची ड्यूटी संपली’ हे कारण ऐकून वैमानिकावर चिडणं म्हणजे आपल्याच बाजूच्या माणसावर चिडणं आहे. प्रश्न विचारायचा तो त्याच्या जागी बसायला दुसरा वैमानिक का नव्हता, हा.

कंपन्या म्हणतील, आम्ही सवड ठेवतोच. मुंबई-गोवा प्रवास हवेत पाऊण-एक तासाचा, तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपासचा लिहिलेला असतो; ही सवडच नाही का? आहे, पण ती कशासाठी आहे हे बघावं. वेळेवर पोहोचलेलं विमान म्हणजे ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं, अशी मोजणी आहे. तिकिटावरची ती जादा मिनिटं या आकडेवारीत वर राहण्यासाठी कामाला येतात. विमानच नसेल, वैमानिकच नसेल, तर त्या मिनिटांचा उपयोग शून्य. खरी सवड म्हणजे एखादं राखीव विमान, घरी फोनजवळ थांबलेले राखीव वैमानिक आणि दोन फेऱ्यांमधला थोडा जास्त वेळ. या तिन्ही गोष्टींना पैसे पडतात. जमिनीवर उभं असलेलं विमान कमावत नाही, म्हणून ते उभं ठेवायचं नाही. आणि त्यातून येणारी जोखीम सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या खात्यावर टाकायची, असा हा एकूण व्यवहार आहे.

ही जोखीम इतकी सहज कशी टाकता येते हे पाहायला नुकसानभरपाईचे नियम वाचावेत. डीजीसीएने हे नियम २०१० मध्ये आणले आणि नंतर ते सुधारले. रद्द होण्याची सूचना दोन आठवडे आधी दिली तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. पुरेशी आधी सूचना न देता रद्द केलं तर त्याशिवाय भरपाई: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्याहून जास्तला १०,०००. आकडे वाचून बरं वाटतं. मात्र त्याला एक शेपूट आहे: ही रक्कम, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. समजा मुंबई-गोवा तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून २,८०० रुपये आहे. तर ७,५०० विसरायचे आणि २,८०० घ्यायचे. हॉटेलची एक रात्र बुडाली, ठरवलेली गाडी उभी राहिली, कचेरीतून मिन्नतवारीने मिळवलेल्या रजेतले दोन दिवस विमानतळाच्या खुर्चीवर गेले, ऐन वेळी काढलेल्या दुसऱ्या तिकिटाला नऊ हजार पडले, यातलं काहीही या हिशेबात येत नाही. विमान रद्द न होता नुसतं उशिरा गेलं तर रोख भरपाई नाहीच. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं, सहा तासांच्या वर गेला की दुसरं विमान किंवा परतावा, आणि चोवीस तासांच्या वर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानच्या विमानाला सहा तासांच्या वर, उशीर झाला तर हॉटेल. शिवाय ‘असाधारण परिस्थिती’ असेल तर भरपाई नाही, आणि ती परिस्थिती होती की नव्हती हे आधी कंपनीच ठरवते. जे कमी असेल ते, आणि तेही कंपनी म्हणेल तेव्हा.

युरोपात हा हिशेब वेगळ्या पद्धतीने होतो, आणि मराठी पर्यटकाला तो ठाऊक असणं कामाचं आहे, कारण युरोपातल्या विमानतळावरून निघणारं विमान भारतीय कंपनीचं असलं तरी तो लागू होतो. पॅरिसहून मुंबईला येणारं विमान कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशिरा पोहोचलं तर प्रत्येक प्रवाशाला ६०० युरो मागता येतात. तिकीट कितीला घेतलं याच्याशी त्याचा संबंध नाही. यंत्रातला नेहमीचा बिघाड ही असाधारण परिस्थिती नाही, असं युरोपच्या न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं. यावर आपल्याकडे हमखास येणारा आक्षेप असा की एवढी भरपाई लादली तर तिकिटं महागतील आणि पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस पुन्हा रेल्वेच्या स्लीपर डब्यात जाईल. आक्षेप पोकळ नाही. भरपाईचा खर्च कुठेतरी भाड्यात येणारच. पण युरोपचा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे आणि रायनएअरसारख्या कमी भाड्याच्या कंपन्या तिथे त्याच वर्षांत फोफावल्या. दुसरा आक्षेप थोडा उर्मट आहे: स्वस्तात घेतलं ना, मग सोसा. त्याला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तर दिलं आहे. डिसेंबर २००७ मध्ये धुक्यामुळे इंडिगोचं दिल्ली-हैदराबाद विमान अकरा तास अडकलं होतं. धुक्याच्या उशिरासाठी भरपाई द्यावी लागणार नाही, असा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय बघण्याचं कर्तव्य कमी भाड्याच्या नावाखाली टाळता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. कंपनी सुटली ती तिने खाण्यापिण्याची सोय केली होती म्हणून.

नियम बदलेपर्यंत सहल थांबत नाही. कंपनीने सवड ठेवली नाही तर ती प्रवाशाला ठेवावी लागते. हे अन्यायाचं आहे, तरीही आज तेच खरं आहे. आपण सहली आखतो त्याही तशाच ताणून. शुक्रवारी रात्री कचेरीतून थेट विमानतळ, रविवारी रात्री अकराचं परतीचं विमान, सोमवारी सकाळी हजर. लेहला पोहोचण्याच्या दिवशी विश्रांती हवी हे सगळे जाणतात, परतीच्या दिवसाला मात्र कुणी सवड देत नाही, आणि तिथे सकाळचं विमान चुकलं की बहुधा दुसऱ्या दिवसाची सकाळ बघावी लागते. सर्वात वाईट सवय वेगवेगळ्या तिकिटांची. नागपूर-मुंबई एका कंपनीचं, मुंबई-सिंगापूर दुसऱ्या कंपनीचं, मध्ये तीन तास. दोन हजार वाचतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी फक्त उशिरा आलेला माणूस असतो. तोच प्रवास एका पीएनआरवर असेल तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. पहाटेचं विमान घ्यावं हा सल्लाही नुसता आईबापांचा म्हणून सोडून देऊ नये: पहाटेचं विमान बहुधा रात्रीच येऊन उभं असतं, दिवसभराचा उशीर त्याच्यावर अजून साचलेला नसतो, आणि ते रद्द झालंच तर त्याच दिवशीच्या पुढच्या विमानांतल्या अठरा-अठरा जागा शिल्लक असतात. रात्रीच्या शेवटच्या विमानाला पुढे काहीच नसतं. गोव्यासारख्या ठिकाणी रेल्वे हा खरा पर्याय आहे. वंदे भारत मुंबईहून मडगावला पावणेआठ तासांच्या आसपास पोहोचते. विमानतळावर दोन तास आधी जाणं, दोन तास उशीर आणि मोपाच्या विमानतळावरून दक्षिण गोव्यापर्यंतची टॅक्सी धरली तर फरक वाटतो तितका उरत नाही. आणि एखादी कंपनीच बसली तर? ३ मे २०२३ पासून गो फर्स्टची विमानं थांबली, ऐन सुट्टीत, आणि अनेकांच्या तिकिटाचे पैसे दिवाळखोरीच्या दाव्यांत अडकले. तिथे कुठलीही सवड पुरत नाही. महिनोन् महिने आधी पैसे भरताना एवढं लक्षात असावं.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांना हे सगळं टूर मॅनेजर बघून घेईल असं वाटतं, आणि चांगला टूर मॅनेजर खरंच बघतो. चाळीस माणसांचा गट अठरा जागांत बसत नाही हे त्याला पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं. तो काउंटरवर भांडत बसत नाही. तो यादी फाडतो: आधी वयस्कर जोडपी आणि ज्यांची औषधं मोठ्या बॅगेत गेली आहेत ते, मग लहान मुलांची कुटुंबं, शेवटी तरुण मंडळी आणि स्वतः. एकीकडे मुंबई-पुण्याच्या ऑफिसला फोन, दुसरीकडे पुढच्या गावातल्या हॉटेलला, तिसरीकडे बसवाल्याला. हे काम पाहिलेल्या कुणाच्याही लक्षात येईल की त्याची कमाल ओरडण्यात नाही, क्रम लावण्यात आहे. पण गटाच्या तिकिटावर अनेकदा प्रवाशांचे नंबर नसतात, टूर कंपनीचा किंवा एजंटचा एकच नंबर असतो, आणि नियमात असं स्पष्ट आहे की तिकीट काढताना पुरेसा संपर्क न दिलेल्या प्रवाशाला भरपाई देण्याचं बंधन विमान कंपनीवर नाही. म्हणजे जे कमी असेल तेसुद्धा नाही. सहलीचे पैसे भरताना ‘तिकिटावर माझा नंबर घातलाय ना’ हा प्रश्न नाश्त्यात काय आहे याच्या आधी विचारायला हवा.

प्रत्यक्ष त्या दिवशी काउंटरवर करण्यासारखं फार थोडं असतं, आणि ते थोडं लवकर करावं लागतं. रांगेत उभं राहतानाच घरच्या कुणीतरी कंपनीच्या ॲपवर आणि फोनवर प्रयत्न सुरू करावा, कारण त्या अठरा जागा तिन्ही वाटांनी एकाच वेळी संपत असतात. परतावा घेतला की पुढच्या विमानावरचा हक्क संपतो, म्हणून दुसरी सोय हाताशी आल्याशिवाय ‘रिफंड’चं बटण दाबू नये; हे बटण ॲपवर फार ठळक असतं, ते उगाच नाही. उड्डाण कोणत्या कारणाने रद्द झालं हे लेखी, निदान ईमेलवर, मागावं. बोर्डिंग पास, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि वाटेत झालेल्या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. त्या मुलीवर ओरडून यातलं काहीच साधत नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकाला एका प्रवाशाने मारलं. विमान त्याने लवकर सुटलं नाही, त्या प्रवाशाला अटक तेवढी झाली. रोज कुणाच्या तरी निर्णयाचा राग झेलायला पगारावर ठेवलेल्या या मुलांनाही कंपनीने राखीव विमान दिलेलं नसतं. राग धरावा, पण तो घरी न्यावा आणि कागदावर उतरवावा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल, तिथेही टोलवलं तर ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की दिल्लीला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सांगलीच्या प्रवाशाला सांगलीच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.